वैनगंगेकाठून खांदेरीपर्यंत: शिडाच्या नावेने एका दिवसाचा सागरी प्रवास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पवनी तालुक्यातील आमच्या गावातून गेली काही वर्षे दर हिवाळ्यात चार-सहा जण मुंबईला जातात आणि एका स्नेह्याच्या शिडाच्या नावेतून गेटवे ऑफ इंडियाजवळून निघून खांदेरी बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात व त्याच दिवशी परततात. हे कळल्यापासून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागांतून तेच ते प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान तयार केले आहे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही खिंडसीला बोटिंग केले आहे. हे त्याहून वेगळे काय?

खिंडसी तलावात आपण कोणत्या दिशेला जायचे ते आपणच ठरवतो, आणि आपण परत येईपर्यंत पाणी जेथे होते तेथेच असते. समुद्रात या दोन्ही गोष्टी आपल्या हाती राहत नाहीत. शिडाची नाव वारा ज्या दिशेकडून येतो त्या दिशेला सरळ तोंड करून चालू शकत नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन राखून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे अशी वळणे घेत तिला पुढे सरकावे लागते, जशी भरलेली बैलगाडी चढावर तिरपी तिरपी काढतात. त्यातच भरती-ओहोटीमुळे खालचे पाणी स्वतःच एका दिशेने वाहत असते, आणि दिवसातून चार वेळा ते आपली दिशा बदलते. ज्याने पुराच्या दिवसांत वैनगंगेत डोंगा घातला आहे त्याला वाहते पाणी समजावून सांगावे लागत नाही. मात्र नदी दुपारी उलटी वाहू लागते ही कल्पना पचायला त्यालाही एक फेरी लागतेच.

२. खांदेरी नेमके कुठे आहे आणि तेच का निवडले?

खांदेरी हे रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस, थळच्या किनाऱ्यासमोर समुद्रात असलेले छोटे बेट आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी हे आणखी लहान बेट आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ल्याचे काम सुरू केले, आणि मुंबईच्या अगदी तोंडावर मराठ्यांचे ठाणे होत आहे हे पाहून इंग्रजांनी ते रोखण्यासाठी जहाजे पाठवली. त्यांची शिडाची जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती, तर मराठ्यांच्या उथळ बुडाच्या, वल्ह्यांनी चालणाऱ्या होड्या रात्री त्यांच्या बाजूने निसटून बेटावर माणसे आणि सामान पोहोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी सिद्दीने उंदेरीला तटबंदी घातली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत खांदेरीही आहे. बेटावर १८६७ सालचे दीपगृह आहे आणि ते दिवसाही दुरून ओळखता येते, त्यामुळे नवख्या माणसाला नजरेसमोर एक खूण धरून जाता येते. आमच्या निवडीचे खरे कारण हेच. इतिहास हा त्यावरचा लाभ.

३. कोणत्या महिन्यांत जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते ऑगस्ट हा विचारही मनात आणू नये; नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव स्वतः समुद्राला मान देऊन थांबतात, तेथे आपण कोण? एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा वारा फार जोरकस होतो आणि नवशिक्यांची दमछाक होते.

४. आम्हाला शनिवार-रविवारच सोयीचा असतो. दिवस कसा ठरवावा?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि याचे उत्तर नेहमी थोडे निराशाजनक असते: वार पाहू नये, तिथी पाहावी. कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती सुमारे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्येला बाराच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हा हिशेब सारखाच लागू पडतो, आणि भरती दिवसातून दोनदा येत असल्याने सकाळची व संध्याकाळची अशा दोन्ही वेळा त्यातूनच निघतात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते.

आता आपला प्रवास या हिशेबावर ठेवून पाहा. मुंबई बंदरातून बाहेर पडताना ओहोटीचे पाणी आपल्यासोबत बाहेर जाते आणि परतताना भरतीचे पाणी आपल्याला आत आणते, म्हणून सकाळी ओहोटी आणि दुपारनंतर भरती असलेला दिवस हवा. असा दिवस अष्टमीच्या आसपास मिळतो: सकाळी सहाला भरती पूर्ण, दुपारी बाराला ओहोटी पूर्ण, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. शिवाय अष्टमीच्या दिवसांत भांग असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी आणि प्रवाहही सौम्य असतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वरही चढते-उतरते. भांगेला ते याच्या निम्म्याहूनही कमी असू शकते. सप्तमी, अष्टमी किंवा नवमी शनिवार-रविवारी आली तर उत्तम, अन्यथा रजा काढावी.

पाऊणपटीचा हिशेब दिवस निवडण्यापुरता पुरेसा आहे. निघण्याआधी मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात अपोलो बंदराची (म्हणजे गेटवेजवळच्या धक्क्याची) त्या तारखेची वेळ आणि पाण्याची उंची पाहणे अनिवार्य समजावे.

५. अंतर किती, वेळ किती लागतो, आणि दिवसाचे वेळापत्रक कसे असते?

गेटवेपासून खांदेरी सरळ रेषेत सुमारे १३ सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे हे अंतर सुमारे २४ किलोमीटर झाले. ताशी चार-साडेचार सागरी मैलांच्या वेगाने एका बाजूला तीन ते साडेतीन तास लागतात. आम्ही सकाळी सातच्या सुमारास निघतो. येथे विदर्भातील लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: मुंबईत सूर्य गोंदियापेक्षा जवळपास अर्धा तास उशिरा उगवतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये आपल्या सवयीने सहा वाजता धक्क्यावर पोहोचणारा माणूस अंधारातच उभा राहतो.

सकाळी जमिनीकडून हलका वारा येतो. शाळेत ज्याला आपण मतलई वारा म्हणून पाठ केले तोच हा. त्याच्या आणि ओहोटीच्या आधाराने नाव सव्वादहाच्या आसपास खांदेरीला पोहोचते. बारा-साडेबारापर्यंत वारा पडतो आणि नंतर समुद्राकडून खारा वारा सुरू होतो, तो बहुधा वायव्येकडून येतो. परतीची दिशा जवळजवळ उत्तर असल्याने हा वारा आपल्या तोंडाच्या डाव्या बाजूला तिरपा लागतो. नाव कलते, पाणी अंगावर येते आणि जाण्यापेक्षा येणे कष्टाचे होते. पावणेएकला नांगर उचलला तर साडेचारपर्यंत बंदरात येता येते.

वेळापत्रकात आणखी एक वेळ लिहिलेली असते आणि ती सर्वांना आधीच सांगितलेली असते: साडेनऊ वाजेपर्यंत निम्मे अंतर कापले गेले नसेल तर परत फिरायचे. दोन हिवाळे आम्ही खांदेरी न पाहताच परतलो आहोत.

६. वारा पडला तर काय?

इंजिन लावावे. शिडाच्या नावेला लहान इंजिन असते आणि ते वापरण्यात कमीपणा नाही. निघण्यापूर्वी ते सुरू होते का, आणि पुरेसे डिझेल आहे का, हे पाहावे.

७. नाव इतकी कलते की उलटेल असे वाटते. खरेच उलटत नाही का?

ज्या नावेतून आम्ही जातो तिच्या तळाखाली वजनदार कणा असतो. तळाशी वजन भरलेली बाहुली जशी कितीही ढकलली तरी पुन्हा उभी राहते, तसेच हे काम करते. वीस अंशांपर्यंत कलणे हे शिडाच्या नावेचे नेहमीचे चालणे आहे. त्याहून अधिक कलू लागली तर शीड ढिले सोडतात किंवा त्याचा खालचा भाग गुंडाळून ते लहान करतात. हे फक्त अशा कण्याच्या नावेबद्दल लिहिले आहे. आपल्याकडील डोंग्याला किंवा तलावातील सपाट बुडाच्या बोटीला असे वजन नसते, आणि तिच्यात चार माणसे एका बाजूला सरकली की ती उलटते.

८. पोहता येत नाही, तरी येता येईल का? लाइफ जॅकेट पूर्ण वेळ घालावेच लागते का?

येता येईल, आणि जॅकेट पूर्ण वेळ घालावेच लागते, पोहता येणाऱ्यालाही. याविषयी आमच्याकडे चर्चा होत नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण गेले. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात वैनगंगा ओलांडून मिरची तोडायला निघालेल्या महिलांची नाव बुडाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला दुसऱ्या वेगवान बोटीची धडक बसली. पहिल्या दोन घटना आपल्या नद्यांतल्या आहेत आणि तिसरी आपण ज्या पाण्यातून जाणार त्याच पाण्यातली. जॅकेटचे पट्टे बांधलेले असावेत. नुसते खांद्यावर अडकवलेले जॅकेट पाण्यात पडल्याबरोबर डोक्यावरून निघून जाते.

९. गाडी लागते त्याला समुद्रही लागतो का? काय खावे?

बहुतेक वेळा लागतो. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. नावेच्या आतल्या खोलीत बसू नये, मोबाइलमध्ये पाहू नये, दूरच्या क्षितिजावर नजर ठेवावी. सर्वांत चांगला उपाय म्हणजे अशा माणसाच्या हाती सुकाणू देणे. नाव पुढच्या क्षणी कुठे झुकणार हे ज्याला आधी कळते त्याला कमी त्रास होतो.

खाण्याबाबत एकच कळकळीची विनंती: आदल्या रात्री सावजी खाऊ नये. सकाळी भाकरी किंवा पोळी पोटभर खावी, कारण रिकाम्या पोटाला समुद्र अधिक लागतो. डोक्याला दुपट्टा बांधावा. आपल्याला उन्हाची सवय आहे असे म्हणणारे आमचे दोघे पाण्यावरून परावर्तित झालेल्या उन्हाने हनुवटीखाली भाजून आले होते, जेथे चंद्रपूरच्या मे महिन्यातही ऊन पोहोचत नाही.

१०. बेटाजवळ नांगर कसा आणि किती दोर सोडून टाकतात?

प्रथम जागा. दुपारी वारा वायव्येकडून येणार असल्याने बेटाच्या पूर्वेकडची, म्हणजे किनाऱ्याच्या बाजूची जागा आडोशाची ठरते. बेटाभोवती खडक असल्यामुळे नकाशात तळ कसा दाखवला आहे ते पाहावे. डेहराडून येथील राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचे सागरी नकाशे यासाठी वापरतात. चिखल किंवा वाळूत नांगराचे फाळ रुततात. खडकात ते एक तर धरतच नाहीत किंवा असे अडकतात की दोर कापून यावे लागते.

मग दोर. विहिरीत बादली सोडताना पाणी जितके खोल तितकाच दोर लागतो, आणि आपल्याकडचा प्रत्येक जण नांगराबाबतही तसेच समजतो. येथेच चूक होते. नांगराचे काम त्याच्या वजनाने होत नाही. तो वखराच्या पासेसारखा जमिनीत शिरला पाहिजे, आणि त्यासाठी त्याच्यावरची ओढ आडवी हवी. दोर जितका लांब तितकी ओढ आडवी. वखराचा दांडा उभा धरला तर पास वर उचलली जाते, हे आपल्याला वेगळे शिकायची गरज नाही. म्हणून दोर आणि साखळी मिळून खोलीच्या किमान पाचपट, केवळ दोर असेल तर सातपट सोडतात.

खोलीही आताची धरून चालत नाही. आपण नांगरावर असताना पाणी जास्तीत जास्त किती होणार ती खोली धरावी आणि तिच्यात पाण्यापासून नावेच्या तोंडापर्यंतची उंची मिळवावी. आता खोली ३ मीटर आहे, पाणी आणखी २ मीटर चढणार आहे आणि नावेचे तोंड पाण्यापासून १ मीटर वर आहे, तर हिशेब ६ मीटरचा आणि सोडायची लांबी ३० मीटर. अष्टमीच्या वेळापत्रकात आपण पोहोचतो तेव्हा ओहोटी सुरू असते, त्यामुळे तेथे उलट काळजी घ्यावी लागते: बारा वाजता पाणी सर्वांत खाली जाईल तेव्हा नावेच्या कण्याखाली पुरेसे पाणी उरेल का? कणा पाण्यात दीड मीटर असेल तर पूर्ण ओहोटीलाही किमान अडीच मीटर खोली राहील अशीच जागा धरावी.

शेवटी खात्री. दोर सोडून झाल्यावर इंजिन मागे चालवून दोर ताणतात. त्यानंतर किनाऱ्यावरच्या दोन वस्तू, जवळची एक आणि तिच्या सरळ मागची दुसरी, एका रेषेत धरून ठेवतात. नांगरताना पहिले तास सरळ निघावे म्हणून धुऱ्यावरची काठी आणि पलीकडचे झाड एका रेषेत धरतात, तीच ही युक्ती. रेषा मोडली आणि मोडतच राहिली तर नांगर घसरत आहे.

११. नांगर घसरला तर काय करायचे? कधी घसरला आहे का?

घसरला आहे, आणि चूक माझीच होती. कार्तिकी पौर्णिमेची सुट्टी आली म्हणून, तिथीचा नियम ठाऊक असूनही, आम्ही उधाणाच्या दिवशी इंजिन लावून भरतीच्या विरुद्ध खांदेरीला गेलो. साडेनऊला खोली साडेतीन मीटर होती. मी पंधरा मीटर दोर सोडला आणि सगळे डबे उघडून जेवायला बसले. दोर किती सोडला असे कोणीतरी विचारले तेव्हा मी "भरपूर" असे उत्तर दिल्याचे मला आठवते. पाणी दुपारपर्यंत चढत राहिले. अकरानंतर केव्हातरी मी मान वर केली तेव्हा दीपगृहाच्या रेषेत धरलेला तटाचा बुरूज एका हाताने डावीकडे सरकलेला होता. पायाखाली बारीक खरखर जाणवत होती, जसा डांबरी रस्त्यावरून ओढत नेलेला साखळदंड. नांगर तळावरून सरपटत होता.

अशा वेळी आधी इंजिन सुरू करावे, मग मागे पुरेशी जागा असेल तर आणखी दोर सोडावा. बहुधा नांगर पुन्हा धरतो. जागा नसेल तर नांगर उचलून सगळे नव्याने करावे. आमच्या मागे खडक नव्हते म्हणून निभावले. त्या दिवसापासून दोरावर दर पाच मीटरला रंगीत दोऱ्याची खूण बांधलेली आहे.

१२. बेटावर उतरता येते का?

खांदेरी बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, त्यामुळे उतरायचे असल्यास परवानगीची चौकशी आधी करावी. आमच्या प्रवासात उतरणे गृहीत धरलेले नसते. ज्यांना वेताळाचे देऊळ आणि ठोकल्यावर धातूसारखा नाद देणारा खडक पाहायचाच आहे त्यांनी थळहून स्थानिक होडीने वेगळा दिवस काढून जावे. नाव नांगरावर सोडून सर्वांनी उतरणे तर मुळीच योग्य नाही, कारण प्रश्न ११.

१३. मोठी जहाजे वाटेत येतात. नियमाने ती शिडाच्या नावेला वाट देतात ना?

मोकळ्या समुद्रात यंत्राच्या जहाजाने शिडाच्या नावेला वाट द्यावी असा नियम आहे, आणि अर्धवट माहितीवर विसंबणाऱ्यांचा घात याच नियमाने होतो. मुंबई आणि न्हावा-शेवा येथे येणारी मोठी जहाजे ठरावीक खोल मार्गातूनच जाऊ शकतात, आणि अशा अरुंद मार्गात शिडाच्या नावेने त्यांना अडथळा करू नये असा आंतरराष्ट्रीय नियमांतच स्वतंत्र नियम आहे. मार्ग ओलांडायचा तर काटकोनात आणि लवकर ओलांडावा. कंटेनरचे जहाज दुरून स्थिर दिसते. त्याची दिशा आपल्या नजरेत बदलत नसेल आणि ते मोठे होत चालले असेल, तर टक्कर होणार आहे असे समजून आपणच वळावे.

यंत्राची जहाजे सोडून दुसरी शिडाची नाव समोर आली तर जिला वारा डावीकडून लागत आहे तिने दुसरीला वाट द्यावी.

१४. पाण्यावर तरंगणारे डबे आणि बांबू दिसतात. ते काय असतात?

ती कोळ्यांची जाळी असतात. थळच्या बाजूला खुंट रोवून लावलेली डोल जाळी पुष्कळ आहेत. त्यांच्यावरून जाऊ नये. दोर इंजिनाच्या पंख्यात अडकला तर आपले नुकसान होते आणि जाळे फाटले तर त्यांचे. ज्याच्या उभ्या धानात कोणाची गुरे शिरली आहेत त्याला यापुढे सांगणे न लगे.

१५. रात्री बेटाजवळच मुक्काम केला तर?

नवशिक्यांनी करू नये. रात्री नांगरावर असलेल्या नावेने सर्व दिशांनी दिसणारा पांढरा दिवा लावावा लागतो, पाळीपाळीने जागे राहावे लागते आणि दोराचा हिशेब रात्रीच्या भरतीसाठी पुन्हा करावा लागतो.

१६. संकटात कोणाला बोलवायचे? मोबाइल लागतो का?

किनारा जवळ असल्याने मोबाइल बराचसा लागतो, पण त्यावर विसंबू नये. व्हीएचएफ रेडिओवर, म्हणजे नावेवरील बिनतारी संचावर, १६ क्रमांकाचा चॅनेल चालू ठेवावा. भारतीय तटरक्षक दलाचा शोध आणि बचावासाठीचा क्रमांक १५५४ आहे. तो सर्वांनी निघण्यापूर्वी फोनमध्ये साठवावा. प्रत्येकाजवळ ओळखपत्र असावे. घरी एका माणसाला परतीची वेळ आणि उशीर झाल्यास कोणाला कळवायचे ते लिहून द्यावे, आणि परतल्यावर त्याला फोन करायला विसरू नये. आमच्यातील एकाच्या घरी रात्री दहापर्यंत रडारड चालली होती, आणि हा मुंबईत चहा पीत होता.

१७. गावात राहून आधी काय शिकता येईल?

गाठी. ज्याला गुरे बांधता येतात त्याचे अर्धे काम झालेले असते. बैलाच्या गळ्यात न आवळणारा फास टाकतात त्याच तत्त्वाची गाठ नावेवर सर्वांत जास्त वापरली जाते, आणि खुंटाला कासरा गुंडाळायची पद्धतही तेथे चालते. ही गाठ डोळे मिटून, ओल्या हातांनी बांधता आली पाहिजे. ढिवर बांधवांसोबत एखादा दिवस डोंग्यात बसून वाऱ्यात आणि प्रवाहात नाव सरळ ठेवायला शिकावे. वाऱ्याची दिशा सांगण्याचा सराव तर उफणणी करताना आपण केलेलाच असतो.

१८. मग हेच गोसीखुर्दच्या पाण्यात का करू नये? तेथेही बेटासारखे उंचवटे आहेत.

पाणी मोठे आहे हे खरे, आणि भरती-ओहोटीही नाही. पण धरणाच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखाली झाडे, विहिरी आणि घरांच्या भिंती आहेत, ज्या सागरी नकाशासारख्या कोणत्याही कागदावर दाखवलेल्या नाहीत. आणि विसर्ग सुरू झाला की पाण्याची पातळी कोणत्याही तक्त्याप्रमाणे उतरत नाही. दीड मीटर कण्याची नाव तेथे नेऊ नये. उथळ बुडाच्या लहान शिडाच्या नावेने, जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन आणि तेथे रोज मासेमारी करणारा माणूस सोबत घेऊन जाता येईल. पाण्याखाली कोणाचा गोठा कोठे होता हे त्यालाच ठाऊक असते.